उसाच्या बिलातून पेन्शन कशी काढायची? म्हातारपणाचा हिशेब पहिल्यांदाच मांडणाऱ्यांसाठी

एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी बचतीचं मार्गदर्शन बाजारात भरपूर आहे. आपल्या सांगली जिल्ह्यात पैसा निराळ्या चालीनं येतो. वाळवा-पलूसकडं कारखान्याचं बिल, तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाण्याची पट्टी, मार्केट यार्डात हळदीचा सौदा, विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांनी (सोनं-चांदी गाळणाऱ्यांनी) परमुलखातून गावी आणलेली शिल्लक. सगळं ढिगानं आणि हंगामात. किराणा, लाइटबिल, शाळेची फी आणि आईच्या बीपीच्या गोळ्या मात्र दर महिन्याला. म्हातारपणाची तजवीज म्हणजे माझ्या लेखी एवढंच: ढिगानं येणारा पैसा आत्तापासून महिन्याच्या शिस्तीत बसवायचा, आणि साठीनंतर तो दरमहा परत मिळेल अशा जागी नेऊन ठेवायचा.

मी यार्डाच्या बाजूला हिशेबाची आणि विवरणपत्रांची कामं करतो. समोर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही तजवीज 'पोरं बघतील' किंवा 'रान आहे की' या दोन वाक्यांवर सोडलेली असते. वडिलांच्या पिढीचं त्यावर भागलं, कारण तेव्हाचे आकडे वेगळे होते. नव्वदच्या दशकात पीपीएफवर (सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यावर) १२ टक्के व्याज होतं, आज ७.१ आहे. बँकेच्या मुदत ठेवीला दोन आकडी व्याज मिळणं तेव्हा नवलाचं नव्हतं. २०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि पाठोपाठ ठेवींचे दरही उतरले. कर्जदाराला ते बरं, पण व्याजावर घर चालवणाऱ्या म्हाताऱ्याला नाही. पोरं पुण्यात किंवा बंगळुरूत, त्यांच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते. आपली तजवीज आपणच करायची असं धरून पुढच्या पायऱ्या घ्या. क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १. पावत्या टेबलावर ओता

ओता हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मध्यंतरी तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार आले आणि त्यांनी खताच्या कंपनीची कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. चार पतसंस्थांच्या ठेव पावत्या, दोन बँकांची पासबुकं, विम्याच्या तीन पॉलिसी, सोनेतारणाची एक चिठ्ठी आणि मागच्या सालच्या औषध दुकानाचं उधारीचं बिल. एका पावतीची मुदत केव्हाच संपलेली, व्याज थांबलेलं, नूतनीकरण कुणी केलेलं नाही. दुसरीवर वारस म्हणून वडिलांचं नाव, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. तिसरी बायकोच्या माहेरच्या नावावर, आधारकार्डावर सासरचं नाव. माणूस व्यवस्थित, बाग उत्तम, कागदांचा मात्र कधी मेळ घातलेला नाही.

तुमच्याकडंही असंच निघेल. वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडं काय आहे ते: ठेवी, पीएफ, पॉलिसी, सोनं (वजनात लिहा, किमतीत नको), जमीन, जनावरं. उजवीकडं काय देणं आहे ते: सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, सोनेतारण, दुकानाची उधारी, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने. प्रत्येकापुढं व्याजाचा दर वर्षाच्या हिशेबात मांडा. 'शेकडा तीन' ऐकायला किरकोळ वाटतं, पण महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. अशा कर्जावर बसून पेन्शनची योजना करण्यात अर्थ नाही. पहिलं बिल येईल ते तिकडं जाऊ दे.

सोसायटीच्या पीककर्जाची मात्र घाई करू नका. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. मुदत तेवढी चुकवू नका.

पायरी २. महिन्याला लागतं किती?

वर्षाचा घरखर्च काढा आणि १२ नं भागा. शेतीचा खर्च यात धरायचा नाही. लग्नातले आहेर, यात्रा, गाडीचा विमा, दवाखाना हे मात्र धरायचंच. 'आमचं काय, दहा हजारांत भागतं' म्हणणाऱ्यांचा आकडा मांडून झाल्यावर अठरा-वीस हजारांवर जातो.

समजा तुमचं वय ३६ आणि घरखर्च महिना २०,००० रुपये. महागाई ६ टक्क्यांनी वाढते असं धरू. किती वर्षांत दुप्पट होईल ते काढायला ७२ ला टक्क्यानं भागायचं. ७२ ला ६ नं भागलं की १२ येतात, म्हणजे दर १२ वर्षांनी खर्च दुप्पट. ४८ व्या वर्षी ४०,०००, साठीत ८०,०००. आज ऐकताना हा आकडा खोटा वाटतो. पण वडिलांना त्यांचा लग्नानंतरचा महिन्याचा किराणा विचारून बघा.

आता साठीनंतर घरात काय येत राहील ते वजा करा. घर स्वतःचं आहे, भाडं नाही. रान वाट्यानं दिलं आणि एखादी म्हैस ठेवली तर आजच्या पैशात महिना १२,००० सुटतील असं समजू. तूट उरली ८,००० ची. शेतमालाचा भाव महागाईबरोबर वाढत राहील असं मी इथं धरलंय, आणि ते जरा उदार मनानंच.

८,००० गुणिले १२ महिने गुणिले २५ वर्षं, म्हणजे आजच्या पैशात २४ लाख. साठीनंतर पैसा साधारण महागाईइतकाच वाढत राहील असं यात गृहीत आहे. साठीच्या वेळच्या रुपयांत हीच रक्कम जवळपास ९७ लाख होते. आकड्यानं दचकू नका, कारण हातात २४ वर्षं आहेत. बचतीवर सरासरी ८ टक्के मिळाले आणि दर वर्षी बचत ६ टक्क्यांनी वाढवली, तर पहिल्या वर्षी साधारण ८५ हजार बाजूला टाकावे लागतात. सरासरी १० टक्के मिळाले तर ६७ हजार. तेवढे जमत नसतील तर ३० हजारांनी सुरू करा. ८ टक्क्यांनी त्यातूनही तिसरा हिस्सा उभा राहतो. सुरुवातच केली नाही तर मात्र सगळा भार पन्नाशीनंतर अंगावर येतो, आणि त्याच वेळी पोरांची लग्नं असतात.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. माझे आकडे नमुन्याचे आहेत.

पायरी ३. आधी गळती बुजवा

पेन्शनसाठी साठवलेला पैसा मध्येच मोडावा लागतो तो तीन कारणांनी: आजारपण, कमावता माणूस जाणं, आणि पीक जाणं.

पीक जाण्याचं आपल्याला सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेनं काय केलं ते डोळ्यांदेखत झालं, आणि द्राक्षवाल्याला तर अवकाळीचा एक तडाखा पुरतो. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा असं सांगतात. शेतकऱ्यानं मी म्हणतो वर्षभराचा ठेवावा, कारण एक हंगाम गेला की पुढचं बिल थेट पुढच्या साली. हा पैसा बँकेच्या साध्या मुदत ठेवीत, छोट्या-छोट्या पावत्या करून ठेवा. गरजेपुरती एकच मोडता येते.

दवाखान्याच्या बाबतीत मिरज जवळ आहे हे आपलं नशीब, पण तिथं बिल होतंच. वैयक्तिक आरोग्य विमा आणि जीवन विमा यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. म्हणून विमा घ्यायचं रेंगाळलं असेल तर आता घ्या, आणि बीपी-शुगर सुरू व्हायच्या आधी घ्या. घरात ७० पूर्ण झालेलं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. भरती होण्याआधी त्या दवाखान्यात हे कार्ड चालतं का ते विचारून घ्या.

कमावत्याच्या जिवासाठी टर्म विमा घ्यायचा, जो जिवंत राहिलात तर काहीच परत देत नाही. 'मग काय उपयोग' म्हणून लोक तो नाकारतात आणि मेव्हण्याच्या आग्रहाखातर पैसे परत मिळणारी पॉलिसी घेतात. तिच्यात विमाही तुटपुंजा आणि परतावाही तुटपुंजा. 'टॅक्स वाचतो' हे वर लावलेलं तिखटमीठ. शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त आहे. ज्याला करच नाही त्याचा वाचणार काय? नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदारालाही पॉलिसीच्या हप्त्याची वजावट मिळत नाही.

अगदीच ओढाताण असेल तर बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये जाऊन २ लाखांचा जीवन विमा (वय १८ ते ५०) आणि २० रुपये जाऊन २ लाखांचा अपघात विमा (७० पर्यंत) एवढं तरी करा. घरातल्या दोघांचंही.

पायरी ४. पैसा ठेवता ती जागा तपासा

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे. आपल्या जिल्ह्याची बचत मोठ्या प्रमाणात सहकारात आहे. सहकारानं जिल्ह्याला उभं केलं हे खरंच, पण ठेवी कुठं अडकल्या आणि माणसं किती वर्षं खेटे घालत राहिली, त्याच्या गोष्टीही याच जिल्ह्यातल्या.

फरक नीट समजून घ्या. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे, त्याआधी ती १ लाखच होती. राष्ट्रीयीकृत बँक, खासगी बँक, नागरी सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांना हे लागू. मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. म्हणजे विश्रामबागच्या शाखेत ४ लाख आणि त्याच बँकेच्या मिरजेच्या शाखेत ४ लाख ठेवले तर आठ नव्हे, पाचच लाख सुरक्षित. बायकोच्या नावाची ठेव वेगळी धरतात. दोघांच्या जोड नावावरची पुन्हा वेगळी. रिझर्व्ह बँकेनं एखाद्या बँकेवर निर्बंध घातले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी अशी तरतूद २०२१ साली कायद्यात झाली आहे.

पतसंस्थेला हे संरक्षण नाही. गावच्या विकास सोसायटीतल्या ठेवीला नाही, आणि मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही, तिचं ऑफिस कितीही काचेचं असलं तरी. काउंटर सारखाच, पासबुक सारखंच, त्यामुळे लोकांची गल्लत होते. संचालक ओळखीचे असणं ही हमी धरली जाते. ओळखीचा संचालक अडचणीच्या वेळी फोन उचलेल, ठेव परत करेलच असं नाही.

पतसंस्थेत ठेवूच नका असं मी म्हणत नाही. अडीनडीला कर्ज तिथंच लवकर मिळतं, आणि कित्येक संस्था चोख चालतात. पण गणित करून ठेवा. ५ लाखांवर बँकेपेक्षा २ टक्के जास्त मिळाले तर वर्षाला १० हजार जादा येतात. त्या दहा हजारांसाठी पाच लाख विम्याबाहेर ठेवायचे का, हा प्रश्न आहे. माझा ठोकताळा असा: जेवढी रक्कम दोन वर्षं अडकली तरी चूल आणि दवाखाना थांबणार नाही, तेवढीच पतसंस्थेत. वार्षिक अहवाल मागून घ्या, ऑडिट वर्ग कोणता मिळाला ते बघा, थकबाकी किती आहे ते बघा. सभेला फक्त जेवायला जाऊ नका. आणि शेजारच्या सगळ्या संस्थांपेक्षा एखादी अचानक दोन-तीन टक्के जास्त द्यायला लागली, तर तिला पैशाची निकड आहे असा अर्थ घ्या.

'महिन्याला ५ टक्के, शेअर मार्केटमधून' असं सांगणारेही आपल्या भागात घरोघरी फिरून गेले. महिन्याला ५ टक्क्यांनी १ लाख दहा वर्षं वाढले तर जवळजवळ साडेतीन कोटी होतात. एवढं ज्याला खरोखर जमतं, तो तुमच्या लाखासाठी दारात चहा पीत बसणार नाही. पहिले तीन हप्ते वेळेवर येतात, ते तुम्ही पाहुण्यांना आणावं म्हणून.

पायरी ५. स्वतःला पगार सुरू करा

आता मुख्य काम. बिल ज्या खात्यात येतं त्याच खात्यातून घर, खत, उधारी, एटीएम सगळं चालतं, म्हणून पैसा कुठं गेला ते कळत नाही. वेगळ्या बँकेत दुसरं खातं काढा. त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआय जोडू नका.

कायद्यानं एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी. प्रत्यक्षात ती कधी आणि किती हप्त्यांत येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यामुळे तारखेवर नको, टक्क्यावर ठरवा. प्रत्येक हप्ता जमा झाला की त्याच आठवड्यात त्यातले १५ टक्के दुसऱ्या खात्यात. शेवटचं बिल, दिवाळीचं बिल, बेदाण्याची पट्टी, सगळ्याला हाच नियम. टक्का ठरवताना घरच्यांनाही बसवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण.

या दुसऱ्या खात्यातून पुढं दोन वाटा. एक एकदम जाणारी, ती पीपीएफची. दुसरी दरमहा जाणारी, म्हणजे म्युच्युअल फंडातली एसआयपी. बँकेला एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे आपोआप जातात. वर्षभर पुरतील एवढे पैसे खात्यात असल्यामुळे हप्ता चुकत नाही. नोकरदाराचं जे आपसूक होतं ते तुम्ही असं घडवून आणायचं.

भिशीबद्दल विचारतात. भिशी फ्रिज घ्यायला बरी, पेन्शनला नाही.

पायरी ६. कुठं किती

*पीएफ कापला जात असेल तर* (कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले, किर्लोस्करवाडीतले, कारखान्यांतले वाचक) सुरुवात तिथूनच. नोकरी बदलताना पीएफ काढून घ्यायचा नाही, नव्या ठिकाणी वर्ग करायचा. पेन्शनसाठी १० वर्षं सेवा लागते. पैसे काढून टाकले की सेवेची मोजणी पहिल्यापासून. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. हा पगार साधारणपणे १५,००० च्या मर्यादेत धरतात. म्हणजे ३० वर्षं सेवा झाली तरी वयाच्या ५८ व्या वर्षी महिना साधारण ६,४०० रुपये. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. एकट्या तिच्यावर भिस्त नको. कंत्राटदाराकडं काम करणाऱ्यांनी यूएएनचं (पीएफच्या कायमच्या क्रमांकाचं) पासबुक उमंग ॲपवर दर दोन-तीन महिन्यांनी उघडावं. पगारातून कापलेली रक्कम भरलेलीच नाही, असं बऱ्याचदा निघतं.

*अटल पेन्शन योजना.* वय १८ ते ४०, आयकर भरणाऱ्यांना नाही. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० ची हमी. ५,००० साठी २५ व्या वर्षी सुरू केलं तर महिना ३७६, तिशीत ५७७, चाळिशीत १,४५४ रुपये. हप्ता सहामाही भरता येतो, तो उसाच्या चालीला बसतो. आपल्यामागं जोडीदाराला तीच पेन्शन आणि दोघांनंतर वारसाला ठरलेली रक्कम मिळते. चांगली आहे, नवरा-बायको दोघांनी घ्या. पण २४ वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे वरच्या हिशेबानं आजचे १,२५० च. गोळ्या-औषधं सुटतील, घर चालणार नाही.

*पीपीएफ.* वर्षाला ५०० ते दीड लाख, मुदत १५ वर्षं, पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पोस्टात किंवा बँकेत. ढिगानं पैसा येणाऱ्यांसाठी मला हा सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण एकदम भरला तरी चालतो, व्याज करमुक्त आहे आणि मध्येच सहजासहजी काढता येत नाही. शेवटचा गुण लोकांना दोष वाटतो. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरत गेलात आणि दर ७.१ टक्केच राहिला, तर १५ वर्षांनी ४० लाखांवर जमतात.

*इंडेक्स फंड.* महागाईच्या पुढं जाण्यासाठी शेअर बाजाराचा काही हिस्सा लागतोच, हे मत मी बऱ्याच उशिरा आणि नाखुशीनं स्वीकारलं. निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा फंड नवख्याला पुरे. महिना ५०० पासून एसआयपी होते. 'डायरेक्ट' प्रकार घेतला तर मध्यस्थाचं कमिशन वाचतं. २००८ साली बाजार निम्म्याहून खाली आला होता. असं पुन्हा होईल, आणि तेव्हा हप्ता चालू ठेवायचा. ज्याला रात्री झोप येणार नाही त्यानं यात थोडंच घालावं. सात-आठ वर्षांत लागणारा पैसा यात नको. पोरीच्या लग्नाचा तर नकोच.

तिशी-चाळिशीतल्या माणसानं, वर्षभराचा आणीबाणीचा खर्च बाजूला ठेवल्यानंतर, नव्या बचतीतला निम्मा पीपीएफ-पीएफकडं आणि निम्मा इंडेक्स फंडात, असं मी सुचवतो. ५५ नंतर फंडातला भाग दर वर्षी थोडा-थोडा काढून ठेवींकडं वळवा. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) हाही चांगला मार्ग आहे, खर्च कमी. फक्त साठीला सगळी रक्कम हातात येईलच असं धरू नका. त्यातला ठरावीक भाग पेन्शनसाठी ठेवावा लागू शकतो.

*सोनं.* असू दे. पण दागिना घडणावळ देऊन घ्यायचा आणि विकताना तूट सोसायची, म्हणजे ती हौस झाली. एकूण बचतीचा दहावा हिस्सा पुरे, आणि २०२३ पासून बंधनकारक झालेला सहा आकडी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक बघूनच घ्या.

*प्लॉट.* आपल्याकडं चार पैसे आले की माणूस बायपासला प्लॉट बघायला जातो. घर बांधणार असाल तर घ्या. पेन्शन म्हणून नको, कारण औषधांसाठी त्यातलं अर्धं गुंठं विकता येत नाही, आणि गरज असते तेव्हा गिऱ्हाईक नेमकं पाडून मागतं.

पायरी ७. साठीला आल्यावर

ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकांत मिळते. वय ६० पूर्ण, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, मुदत ५ वर्षं, पुढं ३ वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के चालत आला आहे. दर तिमाहीला सरकार दर ठरवतं, पण तुमच्या खात्याला तो उघडताना जो होता तोच मुदतभर राहतो. त्या दरानं १ लाखाला तिमाही २,०५० रुपये मिळतात, म्हणजे १० लाखांवर तीन महिन्यांना २०,५००. नवरा-बायकोनं वेगवेगळ्या महिन्यांत खाती उघडली तरी व्याज ठरल्या तिमाहीलाच जमा होतं. मधले महिने भरायला पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे: एकट्याला ९ लाख, जोड खात्यात १५ लाख.

या ठेवींचं व्याज शेतीचं उत्पन्न नव्हे, त्यावर कर लागतो. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखाच्या वर व्याज गेलं की बँक कर कापते. तुमचं उत्पन्न करपात्रच नसेल तर एप्रिलमध्ये तसा फॉर्म बँकेत भरून द्या, म्हणजे कापाकापी टळते.

सगळे पैसे एकाच दिवशी अशा ठेवींत घालू नका. साठीनंतरही पंचवीस वर्षं काढायची आहेत. थोडा भाग फंडात राहू द्या.

आणि घर, रान किंवा ठेवी पोरांच्या नावावर करायची घाई नको. बक्षीसपत्र करून मोकळे झालेले आईवडील माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा कागद उलटवणं फार जड जातं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दाद मागता येते, पण पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला हात उचलत नाही. हयातीत सगळं स्वतःच्या नावावर, मागं कुणाला काय ते मृत्युपत्रात.

पायरी ८. कागद

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याबद्दल लिहिता येतं. बँकेतला वारसदार म्हणजे नॉमिनी, हा पैसे ताब्यात घेणारा. तो मालक होतोच असं नाही, म्हणून दोन्ही लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. पीएफचा नॉमिनी ऑनलाइन भरावा लागतो, लग्नाआधी आईचं नाव दिलेलं असेल तर ते बदला. सातबारा, आधार, पॅन, पासबुक या सगळ्यांवर नाव एकाच पद्धतीनं आहे का ते बघा. 'आण्णासो' आणि 'अण्णासाहेब' यातल्या फरकापायी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

हे सगळं वर्षातून एकदा उघडायचं. मार्चअखेर वहीचं ते दुमडलेलं पान नव्यानं लिहा आणि बचतीचा टक्का वाढवता येतो का बघा. ५ एप्रिलच्या आत पीपीएफ. ३१ मेपूर्वी तिसऱ्या पायरीतल्या ४३६ आणि २० रुपयांच्या दोन्ही विम्यांसाठी प्रत्येकाच्या खात्यात ४५६ रुपये शिल्लक असू द्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर खातं रिकामं असतं आणि विमा तेवढ्यावरून बंद पडतो.